मी मोठेपणी अडत्या होणार

असा निबंध पाचोडच्या कुठल्याही शाळेत आजवर कुणी लिहिला असेल, असं मला वाटत नाही. खरं तर लिहायला हरकत नव्हती. पैठण तालुक्यातलं, धुळे-सोलापूर महामार्गावरचं हे गाव मोसंबीवर जगतं. बाजारात मोसंबीचे ढीग लागतात, टनावर भाव फुटतो, आणि त्या एका फळाच्या आधाराने अडते, खरेदीदार, हमाल, मापाडी, पट्टी लिहिणारे, ट्रक भरून देणारे, खोतीने बागा घेणारे आणि रोपवाटिका चालवणारे असे कितीतरी संसार चालतात. पण सहावीच्या वहीत ‘मी कोण होणार’ हा विषय पडला की गावातला एकही उद्योग शाईच्या वाटेला जात नाही. वहीत असतात ते डॉक्टर, कलेक्टर, सैनिक आणि शिक्षिका. डॉक्टर गोरगरिबांवर मोफत उपचार करणार असतो. निबंधातल्या डॉक्टरने आजतागायत फी घेतल्याचं ऐकिवात नाही. एखाद्याने चुकून ‘अडत्या’ लिहिलंच, तर गुरुजी लाल शाईने ‘ध्येय उच्च ठेवावे’ असा शेरा मारतील आणि शाळा सुटल्यावर आपल्या बागेतला माल काय भावाने जाईल, हे विचारायला त्याच पोराच्या बापाला फोन लावतील.

पुढे वीस वर्षांनी त्या वर्गाची हजेरी घेतली, तर कलेक्टर बहुधा एकही निघत नाही आणि मोसंबीच्या बाजारात निम्मा वर्ग भेटतो. मग आपल्याकडे एक ठरलेला उसासा टाकला जातो: बघा, स्वप्नं काय होती आणि झालं काय! माझं म्हणणं असं की हा उसासा हिशोबाच्या चुकीतून येतो. लहानपणचं स्वप्न आणि मोठेपणचं काम या एका खात्यावर मांडायच्या रकमाच नव्हेत. गणपतीच्या मंडपाला पुढून मखमल असते आणि मागून बांबू. पोराचं स्वप्न म्हणजे दुसऱ्याच्या कामाची पुढची बाजू. नोकरी-धंदा म्हणजे कुठल्या तरी एका कामाच्या मागे जाऊन बांबू धरून उभं राहणं. पुढून पाहिलेल्या एका मंडपाची मागून पाहिलेल्या दुसऱ्या मंडपाशी तुलना केली, तर दुसरा हरणारच.

याला पुरावा आहे. ‘असर’ नावाने शाळकरी मुलांच्या वाचन-गणिताची झाडाझडती घेणाऱ्या संस्थेने २०१७ साली चौदा ते अठरा वयाच्या ग्रामीण मुलांना त्यांच्या आकांक्षा विचारल्या होत्या. मुलग्यांचा ओढा सैन्य, पोलीस आणि इंजिनिअरिंगकडे होता, मुलींचा शिक्षिका आणि नर्स होण्याकडे. शेतकरी व्हायचंय असं म्हणणारे होते जेमतेम एक टक्का. आता याच पाहणीतला दुसरा आकडा बघा. यातली ४२ टक्के मुलं आधीच काही ना काही काम करत होती आणि त्यातली ७९ टक्के शेतीत, बहुतेक घरच्याच. म्हणजे जे काम हात रोज करत होते, ते मनाने यादीतच घेतलं नव्हतं. आणि जे यादीत घेतलं होतं, ते करणारा आदर्श म्हणावा असा एकही माणूस ओळखीत नाही, असं सांगणारी मुलं होती सुमारे ४० टक्के. ही काही फक्त खेड्यातली गोष्ट नाही. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने २०२० साली ४१ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांचे मनोरथ छापले. तिशीत आपण काय करत असू, याचं उत्तर देताना ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली त्याच त्या दहा व्यवसायांत जाऊन बसल्या होत्या. जगात कामं हजारो, आणि पोरांना दिसतात दहा. मंडपाची पुढची बाजू असलेली बहुधा तेवढीच असावीत.

पाचोडच्या पोराला मोसंबीचं काम मागून दिसतं, हीच त्या कामाची अडचण. रोपवाटिकेत डोळे भरणारा माणूस बघा. जंबेरी नाहीतर रंगपूर लिंबाच्या खुंटावर जमिनीपासून वीतभर उंचीला तो चाकूने सालीवर इंग्रजी टीसारखा छेद देतो, चांगल्या झाडाच्या काडीवरून काढलेला डोळा साल उचलून आत सरकवतो आणि प्लास्टिकच्या पट्टीने तो असा गुंडाळतो की पाणी आत शिरू नये आणि डोळा मात्र उघडा राहावा. दिवसभर उकिडवं बसून हे शेकड्यांनी करायचं. हाताची ही सफाई शस्त्रक्रियेच्या खोलीत दाखवली असती, तर आपण त्याला सर्जन म्हटलं असतं. पण पोराला दिसते ती संध्याकाळी धरलेली कंबर. बहार धरायला बागेला ताण द्यायचा म्हणजे काय, हे त्याला कळतं, कारण तेव्हा घरातल्या माणसांनाही ताण बसतो. फळगळ झाली की आई कुठल्या सुरात बोलते, हे त्याला पाठ असतं. २०१२-१३ च्या दुष्काळात या पट्ट्यातल्या बागाच्या बागा वाळल्या आणि लोकांनी वाढवलेली झाडं स्वतःच्या हाताने तोडली. ही बाजू पाहिलेलं पोरगं ‘मी बागायतदार होणार’ असं लिहील कशाला?

कलेक्टरची मागची बाजू मात्र त्याने पाहिलेली नसते. त्याला दिसते गाडी, गाडीवरचा दिवा (तो २०१७ मध्ये गेला, तरी निबंधात अजून आहे) आणि दार उघडणारा शिपाई. पैसेवारी पन्नासच्या वर दाखवली म्हणून चिडलेलं शिष्टमंडळ आणि व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये वरून पडणारी बोलणी निबंधात नसतात. पोलीस म्हटल्यावर त्याला काठी आणि शिट्टी दिसते. पैठणच्या नाथषष्ठीला उन्हात आठ तास बंदोबस्तावर उभ्या हवालदाराचे पाय दिसत नाहीत. शिक्षिका व्हायचं म्हणणाऱ्या मुलीला खडू आणि छडी हवी असते. पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, मतदार याद्या आणि रात्री अकरापर्यंत भरायची ऑनलाइन माहिती तिला कुणी दाखवलेली नसते. हे फक्त पोरांचं अज्ञान आहे असंही नाही. राज्य सरकारने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. त्यातल्या क्षेत्रांमध्ये कृषी होतं, वाणिज्य होतं, ललित कला होत्या आणि एक क्षेत्र होतं ‘गणवेशधारी सेवा’. काम काय करायचं ते पुढे बघू, कपडे तर ठरले! सहावीतलं पोरगंही नेमकं हेच म्हणत होतं.

यावर कुणी म्हणेल, पोरांचं सोडा, गणवेशाचं वेड मोठेपणीही जात नाही त्याचं काय? २०२४ च्या पोलीस भरतीत सुमारे १७ हजार जागांना १७ लाखांवर अर्ज आले. त्याच्या आदल्या वर्षी तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर. ही मुलं तर बालपणीच्याच स्वप्नामागे पळत आहेत. आक्षेप वजनदार आहे, पण माझ्या मते उलट्या दिशेने पडतो. तलाठी व्हायचं स्वप्न कुठल्या निबंधात असतं? तलाठ्याला गणवेशही नाही आणि शिट्टीही नाही. दहा लाख लोक तिथे जातात ते महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार जमा होतो म्हणून आणि लग्नाच्या बाजारात सातबाऱ्यापेक्षा सर्व्हिस बुक जड भरतं म्हणून. सोळाशे मीटर धावणारा तेवीस वर्षांचा पदवीधर शिट्टीमागे धावत नसतो, तो पाऊस न पडला तरी येणाऱ्या उत्पन्नामागे धावतो. हा शुद्ध हिशोब आहे. आणि हिशोब स्वप्नापेक्षा भरवशाचा असतो असंही समजू नका. या शतकाच्या पहिल्या दशकात डी.एड. करणं हा मराठवाड्यातला सगळ्यात शहाणा निर्णय मानला जात होता. शिक्षक डोळ्यासमोर होता, पगार माहीत होता, कॉलेज तालुक्यात निघालं होतं. मग २०१२ मध्ये राज्याने शिक्षक भरतीला लगाम घातला, वर्षानुवर्षं भरती निघेना, आणि डी.एड.वाल्यांचे तांडे हातात प्रमाणपत्र घेऊन मिळेल त्या कामाला लागले. विमान चालवायचं म्हणणाऱ्यांची निदान गणितं तरी चुकली नव्हती, कारण त्यांनी ती केलीच नव्हती.

दुसरा आक्षेप असा येईल की मोठी माणसं मोठी होतात ती मोठ्या स्वप्नांमुळे. व्याख्यानमालांमधून हे इतकं ऐकवलं जातं की ते खोडायचं म्हणजे पाप वाटतं. पण दाखला लांब शोधायला नको. संदीपान भुमरे पाचोडचेच. पैठणच्या संत एकनाथ सहकारी साखर कारखान्यात ते स्लिप बॉय होते. पुढे त्याच कारखान्याचे अध्यक्ष झाले, पाच वेळा आमदार झाले, २०१९ च्या अखेरीस मंत्रिमंडळात गेले आणि २०२४ मध्ये खासदार. मंत्री म्हणून खाती मिळाली रोजगार हमी आणि फलोत्पादन. पाचोडच्या माणसाला सरकारकडे मागण्यासारख्या याच तर दोन गोष्टी. त्यांचं राजकारण कुणाला पटो न पटो, माझ्या मुद्द्यापुरतं एवढंच, की या प्रवासाची पहिली पायरी असलेला ‘स्लिप बॉय’ हा शब्द कुठल्याही निबंधात, व्याख्यानात किंवा कल चाचणीत नाही. कारखान्याची मागची बाजू ज्याने चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावरून पाहिली, त्याला पुढे खुर्चीवरून ती वेगळी समजावून द्यावी लागली नसणार. शिवाजीराव गायकवाड बंगळुरूच्या बसमध्ये तिकिटं फाडत होते आणि पुढे रजनीकांत झाले, हे आपण पोरांना चवीने सांगतो, पण त्यात गंमत अशी की कंडक्टर होणं हेच एका पिढीच्या असंख्य पोरांचं अंतिम ध्येय होतं. टिकटिक वाजणारा चिमटा, खांद्याला चामडी बॅग आणि भरल्या गाडीला दोरीच्या एका झटक्याने थांबवायचा अधिकार! या माणसाला तो मिळाला होता आणि त्याने तो सोडला. पोरांच्या हिशोबाने ही अधोगतीच.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र माझा युक्तिवाद अडखळतो आणि तो अडखळावा हेच बरं. आतापर्यंत मी असं गृहीत धरलं की प्रत्येक पोराला निदान मंडपाची पुढची बाजू पाहायला मिळते. मुलींच्या बाबतीत ते अनेक वर्षं खरं नव्हतं आणि पुरतं आजही नाही. पाचोडमध्येच डॉ. अशोक दयालचंद यांनी उभ्या केलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने १९९० च्या दशकाच्या शेवटी किशोरवयीन मुलींसाठी वर्षभराचे जीवनकौशल्य वर्ग चालवले. जिथे वर्ग चालले त्या गावांत मुलींच्या लग्नाचं वय साधारण सोळावरून सतरावर सरकलं. म्हणजे त्याआधी जी मुलगी सहावीत ‘मी शिक्षिका होणार’ असं लिहीत होती, तिला पुढची चार वर्षं मिळाली की तिची बदली दुसऱ्या गावच्या चुलीवर होत होती. तिथे स्वप्न आणि काम यांची तुलना चूक की बरोबर, हा वाद काढणं म्हणजे चेष्टा. आणि सोळाचं सतरा हा बदल कागदावर किरकोळ दिसतो, पण सतराव्या वर्षी मुलगी बारावीच्या फॉर्मवर सही करू शकते. पुढे ती नर्स झाली, तलाठ्याच्या दहा लाखांत उभी राहिली, की मोसंबीच्या गाळ्यावर पट्टी लिहायला बसून बापापेक्षा चोख भाव काढू लागली, तर तिच्या निबंधाचं काय झालं यावर मग कुणीही खुशाल उसासे टाकावेत.