फुटबॉलकाका

ऑगस्ट अर्धा सरला की न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मराठी घरांत दोन याद्या सुरू होतात. एक गणपतीची : दूर्वा, जानवं, गूळ, नारळ, मोदकपात्राचं गेल्या वर्षी हरवलेलं झाकण. ती काकू करतात आणि ग्रोसरीच्या दोन फेऱ्यांत संपवतात. दुसरी काकांची. तिच्यात साठेक धट्टीकट्टी माणसं असतात आणि प्रत्येकापुढे वय, वजन, गेल्या मोसमातले यार्ड आणि कोणत्या पायाचा कोणता स्नायू कधी दुखावला होता याची नोंद असते. ही यादी काही संपत नाही.

या काकांना मंडळातली पोरं फुटबॉलकाका म्हणतात. मी लिहितोय एकाच गृहस्थांबद्दल, पण तुमचं कुणी डॅलसला, शिकागोला किंवा बे एरियात असेल तर विचारून बघा, त्यांच्या मंडळातही हे आहेतच. वय पन्नाशीच्या आसपास, पोटापाण्याला डेटाबेस. अमेरिकेत आल्यावर पहिली बरीच वर्षं अमेरिकन फुटबॉलला ‘हा कसला खेळ, चार पावलं पळाले की सगळे थांबतात’ असं म्हणत क्रिकेटचा स्कोअर बघण्यात घालवलेली. मग एका वर्षी ऑफिसातल्या फँटसी लीगला बारावा भिडू कमी पडला. ‘तुझं आकड्यांचं डोकं चांगलं आहे’ असं कुणीतरी म्हणालं आणि काकूंच्या हातून माणूस गेला.

ड्रीम११ ठाऊक असलेल्यांनी इथे एक फरक ध्यानात घ्यावा. तिथे विराट कोहली एकाच वेळी लाखो लोकांच्या संघात असू शकतो. इथे बारा जणांच्या लीगमध्ये एक खेळाडू एकाच्याच मालकीचा. मोसमाआधी सगळे मिळून आळीपाळीने खेळाडू उचलतात, तो ड्राफ्ट. मग मोसमभर खऱ्या मैदानावर त्या खेळाडूने जे केलं त्याचे गुण तुमचे. चेंडू घेऊन दहा यार्ड पळाला की एक गुण, शेवटच्या रेषेपार नेऊन टचडाउन केलं की सहा, पास झेलला की काकांच्या लीगमध्ये आणखी एक, आणि चेंडू समोरच्यांच्या हाती घालवला की दोन वजा. दर आठवड्याला बाकीच्या अकरांतल्या एकाशी गाठ.

यात खरी मारामारी रनिंग बॅकची, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याची. पास टाकणारा क्वार्टरबॅक सगळ्यांनाच बरा मिळतो, पास झेलणारे पोत्याने असतात. बॅक मात्र दोन उभे करायचे आणि भरवशाचे जेमतेम डझनभर. एनएफएल या खऱ्या लीगमध्ये संघ आहेत बत्तीस, पण बहुतेकांनी पळायचं काम दोघा-तिघांत वाटून टाकलेलं. त्याला तिकडे कमिटी म्हणतात. हे नाव निघालं की काकांच्या कपाळाला आठी पडते, कारण मंडळाच्या कमिटीवर ते स्वतः आहेत : सतरंज्या एकाने उचलायच्या आणि समईशेजारी फोटोला दुसऱ्याने उभं राहायचं. डेट्रॉइटला गिब्ज आणि माँटगोमेरी असे दोन बॅक होते. २०२४च्या पहिल्याच रविवारी सामना जादा वेळेत गेला आणि शेवटच्या एका यार्डाची विजयी उडी माँटगोमेरीने मारली. गिब्ज काकांचा नव्हता, तरी काका दोन दिवस गिब्जच्या बाजूने दुखावलेले होते.

काकांची पहिली श्रद्धा अशी की अभ्यासाने बॅक सापडतो. दुसरी श्रद्धा ते उघड बोलत नाहीत, पण पहिलीपेक्षा तीच पक्की आहे : अभ्यास केलेला असला म्हणजे हरल्यावर सांगायला कारण असतं. नुसतं हरणं वेगळं आणि सकारण हरणं वेगळं. पहिल्यात माणूस मूर्ख ठरतो, दुसऱ्यात दुर्दैवी.

या श्रद्धेला पूर्वपीठिकाही आहे आणि ड्राफ्टच्या दिवशी काका ती पोथीसारखी सांगतात. बिल विंकनबाक नावाचा ओकलंडचा एक उद्योजक रेडर्स संघाचा छोटा भागीदार होता. १९६२ साली त्या संघाने चौदा सामन्यांत एकच जिंकला. संघाबरोबर तो न्यूयॉर्कला आलेला असताना हॉटेलात बसून त्याने दोघा जणांबरोबर या खेळाचे नियम रचले, आणि १९६३मध्ये त्याच्या ओकलंडच्या घरी पहिला ड्राफ्ट झाला. ‘बघ,’ काका म्हणतात, ‘खरा संघ हरत होता म्हणून त्यांनी कागदावर दुसरा काढला. हा खेळच मुळी हरलेल्या माणसांनी शोधलाय.’ एवढं बोलून ते आपल्या जागेवर मांडी ठोकतात.

पहिला आठवडा अभ्यासूंच्या जिवावर उठतो, कारण तेव्हा हाताशी पुरावाच नसतो. ऑगस्टच्या सराव सामन्यांत बडे बॅक मैदानावर फिरकत नाहीत. गेल्या वर्षीचे आकडे गेल्या वर्षीचे. प्रशिक्षक पत्रकारांना जे सांगतात त्यावर प्रशिक्षकाची बायकोसुद्धा विश्वास ठेवत नसेल. २०१७च्या पहिल्या आठवड्यात ज्याला कितीएक लीगमध्ये सगळ्यांत आधी उचललं होतं तो डेव्हिड जॉन्सन मनगट निखळून मोसमभरासाठी गेला. आणि कॅन्सस सिटीचा केरीम हंट नावाचा नवखा पोरगा कारकिर्दीत पहिल्यांदा चेंडू हातात आला तोच घालवून बसला. काका त्याला शिव्या देत चहा टाकायला उठले. त्या रात्री हंटने दोनशे शेहेचाळीस यार्ड आणि तीन टचडाउन काढले. तेव्हापासून काका पहिल्या आठवड्यात सामना चालू असताना चहा घेत नाहीत. हाही अभ्यासच.

२०२४ साली काकांना ड्राफ्टमध्ये पहिला नंबर लागला. पहिला नंबर म्हणजे क्रिश्चन मॅकॅफ्री, यात वादच नव्हता. आदल्या मोसमात सॅन फ्रान्सिस्कोसाठी १,४५९ यार्ड पळून तो साऱ्या एनएफएलमध्ये अव्वल होता. काकांनी त्याचा विमाही उतरवला. विमा म्हणजे त्याच संघाचा राखीव बॅक आपल्याच खिशात ठेवायचा; मुख्य माणूस पडला तर काम त्यालाच मिळतं. राखीव होता इलायजा मिचेल. ऑगस्ट संपायच्या आत मिचेलचा हॅमस्ट्रिंग गेला आणि मोसम संपला. विमाच आधी वारला.

तिसऱ्या फेरीत ह्यूस्टनचा जो मिक्सन समोर होता. काकांनी त्याला नाकारलं. ‘अठ्ठावीस वर्षांचा आहे. सत्ताविशीनंतर बॅक उतरणीला लागतो, हे सगळे आकडे सांगतात.’ मॅकॅफ्रीही अठ्ठावीसचाच, मिक्सनपेक्षा दीड महिन्याने मोठा. हे कुणी काढलं तर काका चष्मा पुसतात आणि ‘त्याचं वेगळं आहे’ म्हणतात.

ड्राफ्टपासून पहिल्या सामन्यापर्यंत काका वैद्यकात असतात. पोटरी, घोटा, अकिलीस, हॅमस्ट्रिंग यांच्या रोजच्या बातम्या वाचून त्यांना परक्यांच्या पायांची इतकी माहिती होते की कधीकधी मला त्यांच्याकडून गोळ्या लिहून घ्याव्याशा वाटतात. एके रात्री काकूंच्या पोटरीत गोळा आला. काका उठले, अंधारातच पोटरी चाचपली आणि म्हणाले, ‘क्वेश्चनेबल.’ खेळेल की नाही याची खात्री नसलेल्या खेळाडूपुढे संघ हाच शेरा मारतात. काकूंनी दुसऱ्या पायाने उत्तर दिलं.

त्या वर्षीचा पहिला आठवडा आणि गणपती एकत्रच आले. शुक्रवारी, सहा सप्टेंबरला, एनएफएलचा दक्षिण अमेरिकेतला पहिला सामना ब्राझीलमध्ये साव पावलोला होता आणि काका दिवाणखान्यात स्टुलावर उभे राहून मखर लावत होते. समोरच्या भिडूकडे सॅक्वॉन बार्कली होता. हा बार्कली सहा वर्षं इथल्याच जायंट्सकडून, म्हणजे काकांच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर, पळत होता. जायंट्सनी त्याला जाऊ दिलं आणि तो फिलाडेल्फियाला गेला. पहिल्या टचडाउनला काकांच्या हातातून माळ सुटली. दुसऱ्याला टाचणी बोटात गेली. तिसऱ्याला ते खाली उतरले. मखराची डावी बाजू विसर्जनापर्यंत तशीच लोंबत होती. कुणी विचारलं तर काकू सांगायच्या, ‘डिझाइन आहे.’

रविवारी मंडळाचा गणपती. आरती साडेअकराला, आणि एक वाजताच्या सामन्यांत कोण खेळणार नाही ती यादी नव्वद मिनिटं आधी, म्हणजे बरोबर साडेअकराला, जाहीर होते. काकांच्या हातात झांजा होत्या. पहिलं कडवं त्यांनी नेकीने वाजवलं. दुसऱ्या कडव्याला खिशात फोन थरथरला. काकांनी झांजा शेजारच्या जोशींच्या पोटात अशा सफाईने खुपसल्या की असा हँडऑफ देणाऱ्याला कोणत्याही संघाने क्वार्टरबॅक म्हणून ठेवून घेतलं असतं. मग मान खाली घालून, डोळे अर्धवट मिटून ते यादी वाचू लागले. मागच्या रांगेतल्या आजी सुनेला म्हणाल्या, ‘बघ, किती भाव आहे.’

प्रश्न होता दुसऱ्या बॅकचा. काकांकडे न्यू इंग्लंडचा रमॉन्ड्रे स्टीव्हनसन होता. काकांनी त्याला बसवला. तर्क बिनतोड होता : न्यू इंग्लंड सिनसिनाटीला हरणार, हरणारा संघ गुण भरून काढायला पास टाकत सुटतो, पळत नाही, सबब स्टीव्हनसनला काम नाही. त्याच्या जागी त्यांनी ज्याला खेळवला त्याचं नाव घेत नाही, त्या पोराचा काय दोष. प्रसादाच्या पंगतीत पहिला घास तोंडात जातो तोच न्यू इंग्लंडने पळायला सुरुवात केली आणि ते सामना संपेपर्यंत पळतच राहिले. स्टीव्हनसनने पंचवीस वेळा चेंडू नेला, एकशे वीस यार्ड आणि एक टचडाउन काढलं, आणि न्यू इंग्लंड १६–१० जिंकलं. तिकडे इंडियानापोलिसला अठ्ठावीस वर्षांचा, उतरणीला लागलेला मिक्सन तीस वेळा पळून एकशे एकोणसाठ यार्ड घेऊन बसला. काका मसालेभात नुसता चिवडत होते. वाढपी मुलाने ‘मठ्ठा?’ विचारलं. काका म्हणाले, ‘प्रोसेस बरोबर होती.’

तरीही सोमवार बाकी होता आणि सोमवारी मॅकॅफ्री होता. पोटरी आणि अकिलीस दुखत होते, शेरा क्वेश्चनेबल, पण त्याच्या गोटातून खेळणार असाच सूर होता. संध्याकाळी पावणेसातला मी आणि काका ग्रोसरीत उभे होतो. गौरींसाठी भाज्या न्यायच्या होत्या. काका भेंड्या घेत होते : एकेक उचलायची, टोक कटकन मोडायचं, मोडलं नाही तर परत टाकायची. फोन वाजला. मॅकॅफ्री खेळणार नाही.

बाकी सगळ्यांचे सामने उरकले होते. नियमाप्रमाणे त्यांतलं कुणी आता आत घेता येत नव्हतं. उरला हाच सामना, जेट्सविरुद्धचा. जेट्सचा ब्रीस हॉल दुसऱ्याचा. मॅकॅफ्रीच्या जागी उतरणारा जॉर्डन मेसन रविवारीच एकाने फुकटात उचलून ठेवला होता. मेसनने त्या रात्री अठ्ठावीस वेळा चेंडू नेऊन एकशे सत्तेचाळीस यार्ड काढले. काकांनी काउंटरच्या रांगेत उभ्याउभ्या, मागचा माणूस ट्रॉलीने ढकलत असताना, राखीवातला राखीव असा कुणीतरी निवडला. त्याचे गुण मी विचारले नाहीत.

पण मंगळवारी सकाळी काका मला एखादं शतक ठोकून आल्यासारखे दिसले. लीगच्या ग्रुपवर त्यांनी रात्रीच सविस्तर निवेदन टाकलं होतं. बार्कलीबद्दल एक परिच्छेद (परदेशातल्या सामन्यांवरून निष्कर्ष काढू नयेत), स्टीव्हनसनबद्दल एक (अशी उलथापालथ अपवादानेच होते), मॅकॅफ्रीबद्दल दोन (माहिती दडवली गेली). शेवटी ठळक अक्षरांत, पहिल्या आठवड्यावरून कुणाला जोखू नये. आणि ते पाठवल्यावर पहिल्या आठवड्यावरूनच जोखून त्यांनी स्टीव्हनसन आणि वर एक चांगला झेलणारा देऊन मिक्सन विकत घेतला.

‘आणि वय?’ मी विचारलं.

‘अठ्ठावीस म्हणजे अनुभव,’ काका म्हणाले.

पुढच्या रविवारी रात्री शिकागोविरुद्ध मिक्सनचा घोटा गेला. पुढचे तीन सामने तो बाहेर बसणार होता. सांत्वन कसं करावं या विचाराने मी फोन केला. मी काही बोलायच्या आत काका सुरू झाले : ज्या प्रकारे त्याला मागून धरून पाडलं तो हिप-ड्रॉप टॅकल, त्यावर याच वर्षी मार्चमध्ये एनएफएलने बंदी घातली आहे, पंचांनी झेंडा टाकला नाही, खुद्द मिक्सननेही तक्रार केली आहे, नियमाचा मजकूर मी तुला पाठवतो. काकांचा आवाज इतका खणखणीत मी कधी ऐकला नव्हता. दोन आठवड्यांत दोन पराभव झाले होते, आणि या खेपेला कारण चक्क नियमपुस्तकात छापलेलं होतं.