वेंट-प्रकरण: एक शास्त्रोक्त चौकशी

'गो, वेंट, गॉन' हा मंत्र मराठी मुलं पिढ्यान्‌पिढ्या घोकत आली. मंत्राला प्रश्न विचारायचा नसतो, म्हणून 'गो'च्या घरात 'वेंट' कुठून शिरला याची चौकशी कुणी केली नाही. ती येथे करीत आहोत. विषय क्षुल्लक आहे असा आक्षेप येईल. तो मान्य करून पुढे जाऊ.

पूर्वपक्ष असा, की 'वेंट' हा चोरीचा माल आहे. पुरावा भक्कम. 'सेंड'चं 'सेंट', 'बेंड'चं 'बेंट', 'स्पेंड'चं 'स्पेंट'. त्या चालीवर 'वेंट' कुणाचं, हे शेंबडं पोरही सांगेल. 'वेंड'चं! हे क्रियापद मूळ 'वळणे' या अर्थाचं, पुढे 'वाट धरणे' असं झालेलं. 1500 च्या सुमारास त्याचा भूतकाळ 'गो'च्या घरी कायमचा नांदू लागला. 'वेंड'ने निमूटपणे 'वेंडेड' असं नवं रूप करून घेतलं, आणि आता ते 'वाट धरली' म्हणण्यापुरतंच, तेही पुस्तकी इंग्रजीत, उरलं आहे.

येथे शंका. त्याआधी 'गो' कशावर भागवत होता? जुन्या इंग्रजीत वर्तमानकाळी 'गान' आणि भूतकाळी 'एओडे'. या दोहोंत नात्याची खूण कुठे दिसते का पाहा! म्हणजे आधीचा भूतकाळही उसनाच. ज्ञात इतिहासात या क्रियापदाला स्वतःचा भूतकाळ असा नाहीच. स्कॉटलंडकडे मात्र 'गे, गेड, गेन' असा घरगुती बंदोबस्त झाला.

उत्तरपक्ष आपल्याकडचा आहे. 'जाणे' या अर्थाचा संस्कृत धातू 'इ', शास्त्रात 'इण्'. वर्तमानकाळी 'एति', पण लुङ् या भूतकाळात पाणिनीने त्याच्या जागी 'गा' बसवला आणि 'अगात्' सिद्ध केलं. ज्याची जागा गेली तो 'स्थानी', जो आला तो 'आदेश'. चोरी नाही, पंचनामा नाही. आदेश निघाला, बदली झाली. इंग्लंडात पाणिनी नव्हता, म्हणून 'गो'वर नाहक बालंट आलं, एवढाच निष्कर्ष निघतो.

आपण तर याबाबतीत बोलूच नये. 'जातो'चा भूतकाळ 'जाला' होत नाही, 'गेला' होतो. 'जा' हा संस्कृत 'या'चा वंशज, 'गेला' हा 'गम्'च्या 'गत'चा. हा सांधा आपल्याला कधी खुपला नाही. खुपला तो 'वेंट', कारण तो छडीच्या धाकाने पाठ करावा लागला.

या भानगडी ठाऊक नसलेली इंग्रजांची लहान मुलं मात्र 'गो'ला सरळ नियमाचा भूतकाळ लावतात. तो देवनागरीत 'गोड' असा लिहावा लागतो. मोठी माणसं तो लगेच दुरुस्त करतात.