वजन कमरेवर आलं पाहिजे

तुमच्याही ओळखीत एक असेलच. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो, मठ्ठ्याचा घोट घेता घेता तुमच्या मुलाच्या पाठीवरची कॉलेजची बॅग निरखतो आणि जेवण, हवापाणी, नोकरी सगळं ओलांडून थेट विचारतो, "किती लिटर?"

बेंगळुरूच्या यशवंतपुरातल्या अशाच एका गृहस्थांना तिथली मराठी मंडळी मागून बॅगोबा म्हणतात. समोर म्हणायची सोय नाही. 'बॅग' एवढी दोन अक्षरं कानावर पडली की पाऊण तास गेलाच म्हणून समजा. मूळचे सोलापूरचे, जलहळ्ळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, राहायला बाजार समितीच्या आवाराजवळ. सोलापूर-नाशिककडून आलेल्या कांद्याचा वास त्यांच्या गॅलरीपर्यंत येतो आणि पंढरपूरची गाडी यशवंतपुरातूनच सुटते, त्यामुळे गाव सुटल्यासारखं वाटत नाही, असं ते सांगतात. हे सांगतानाही बोटं पट्ट्याचं बक्कल मागेपुढे करत असतात.

या सगळ्याच्या मुळाशी आहे मामिया आरबी ६७. हा जपानी कॅमेरा १९७० साली बाजारात आला. बॅटरी नाही, मीटर नाही, सगळा कारभार स्प्रिंगांचा आणि दात्यांचा. फिल्मवरची चौकट सहा बाय सात सेंटिमीटरची, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या साडेचारपट क्षेत्रफळाची. त्यामुळे मोठा प्रिंट काढला तरी भिंतीवरच्या चुन्याचा पोपडासुद्धा मोजता येतो. फक्त हा ठोकळा एका लेन्ससकट अडीच किलोच्या वर भरतो. त्यात आणखी दोन लेन्स, फिल्मची जादा पाठ, लाइट मीटर आणि हे धूड पेलणारा ट्रायपॉड घाला. नऊ-दहा किलो कुठे गेले नाहीत. १२० नंबरच्या एका रोलवर फोटो येतात दहा. किलोमागे एक.

आता हे पाठीवर घ्यायचं कसं? इथून बॅगोबांची साधना सुरू होते. त्यांची अडचण खोटी नाही, हे मान्य करायला हवं. कॅमेऱ्यासाठी म्हणून ज्या बॅगा मिळतात त्यांतल्या बहुतेक छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या मापाने बेतलेल्या असतात. आरबी लेन्ससकट वीस सेंटिमीटरहून लांब. सरळ ठेवला तर चेन लागत नाही, आडवा ठेवला तर दोन लेन्सांची जागा खातो. वर स्पंजचे जाड कप्पे निम्मी बॅग अडवतात आणि रिकामी बॅगच दोन किलोच्या आसपास जाते. उलट ट्रेकिंगची सॅक पाठीला सुखाची. ग्रेग लो या अमेरिकी गिर्यारोहकाने १९६७ च्या सुमारास सॅकच्या आतच सांगाडा बसवला, रुंद पट्ट्याने भार कमरेच्या हाडांवर दिला आणि खांदे मोकळे केले. पुढे कॅमेऱ्याच्या बॅगाही त्यानेच काढल्या. लोवेप्रो ती हीच. पण ट्रेकिंगची सॅक वरून उघडते. तळाशी गेलेली लेन्स काढायची तर आधी स्वेटर, डबा आणि छत्री फुटपाथवर मांडावी लागते.

म्हणून बॅगोबांकडे सॅक आहेत, कॅमेऱ्याच्या बॅगा आहेत, आणि सॅकमध्ये बसवायचे स्पंजचे डबेही आहेत. एक खांद्याला ओढते, एक पाठीला घाम आणते, एकीचा पट्टा बरगड्यांवर येतो. प्रत्येकीचा निकाल एकच: "चांगली आहे हो, पण वजन कमरेवर येत नाही. वजन कमरेवर आलं पाहिजे."

हे वाक्य त्यांनी बॅगेपुरतं ठेवलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. भाचीला सांगून आलेल्या स्थळाबद्दल त्यांचं मत पडलं, "मुलगा हुशार आहे, पण घराचं सगळं वजन आईच्या खांद्यावर दिसतं." विसर्जनाला मूर्ती उचलताना 'मोरया'च्या आधी यांची आरोळी, "कमरेवर घ्या!" शेजाऱ्याने गृहकर्जाचा हप्ता सांगितला तेव्हा बॅगोबांनी तोंड उघडायच्या आत त्याने स्वतःच म्हणून टाकलं, "ठाऊक आहे, खांद्यावर आलाय."

एकदा ट्रेकिंगच्या दुकानात ते घरून नऊ किलो सोना मसुरी घेऊन गेले. दुकानातल्या नमुन्याच्या उशा भरून बॅग पारखणं म्हणजे त्यांच्या मते फसवणूक. तांदळाच्या पिशव्या लेन्सांच्या जागी लावून त्यांनी जिन्यावर चढउतार केली. तिसऱ्या बॅगेत एक पिशवी फुटली. दुकानातला मुलगा झाडू घेऊन आला तेव्हा हे त्याला समजावत होते, की धान्य सगळं तळाशी गेलं, म्हणजे भाराचा मध्य खाली सरकला. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या जरा खाली हवी. मुलाने मान डोलावली आणि झाडत राहिला.

वहिनींचा उपाय साधा होता. "अहो, एक लेन्स घरी ठेवा." पुराव्याला त्यांनी थेट नासाला उभं केलं. चांद्रमोहिमांत अंतराळवीरांनी नेलेले हॅसलब्लाड कॅमेरे परतताना तिथेच सोडले, फक्त फिल्मची मॅगझिन आणली. वाचलेल्या वजनात चंद्रावरचे दगड आले. "तिथून माणसं कॅमेरा टाकून येतात आणि तुम्हाला लेन्स सोडवत नाही!" बॅगोबांनी शांतपणे उत्तर दिलं, "चंद्रावर वजन सहावा हिस्सा भरतं. तिथे मी पाच नेल्या असत्या."

इतिहास त्यांना पाठ आहे, तोही वजनाच्या बाजूने. होमाई व्यारावाला साडी नेसून सायकलवरून दिल्लीभर फोटो काढत हिंडल्या, हे ते आदराने सांगतात. सॅम्युअल बोर्न १८६३ मध्ये काचा, रसायनं आणि तंबू घेऊन हिमालयात गेला तेव्हा सोबत तीसेक हमाल होते, हे सांगताना मात्र आवाजात किंचित हेवा येतो. त्या तिसांच्या कमरेचं काय झालं, याची नोंद त्यांच्या इतिहासात नाही.

आणि फोटो? नंदीदुर्ग साठेक किलोमीटरवर. बॅग ठरली की जायचं होतं. मल्लेश्वरमचं काडू मल्लेश्वराचं देऊळ तर हाकेच्या अंतरावर. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांचा १६६९ चा शिलालेख तिथला, बेंगळुरूच्या मराठी माणसाने एकदा तरी टिपावा असा. तोही बॅगेसाठी थांबला. शिलालेखाला घाई नव्हती.

घाई कमरेला होती. एका सकाळी बॅगोबा वाकले ते सरळ होईनात. डॉक्टरांनी एमआरआय दिव्यासमोर धरला, चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी दाखवली आणि म्हणाले, "यापुढे एकच लक्षात ठेवा. कमरेवर वजन येता कामा नये." वहिनी सांगतात, हे तपासणीच्या खोलीतून बाहेर आले ते एक अक्षर न बोलता. रिक्षावाल्याच्या पाठीमागे एक भलीमोठी सॅक ठेवलेली होती, तिच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही.

पुढच्या महिन्यांत बॅगा एकेक करून गेल्या. फिल्मचा नाद लागलेली पोरं टाटा इन्स्टिट्यूटच्या बाजूने येतात, मातीमोल भावात बॅग उचलतात, पण सुटका लवकर होत नाही. बॅगोबा स्टुलावर बसून प्रत्येकाला समोर उभं करतात. आधी सगळे पट्टे सैल. मग कमरपट्टा, हाडाच्या टोकावर मधोमध, घट्ट. मग खांद्याचे, पण ओढायचे नाहीत, नुसते टेकवायचे. मग खांद्यावरून बॅगेच्या माथ्याकडे जाणारे दोन छोटे पट्टे तिरके ताणायचे, आणि छातीचा सगळ्यात शेवटी. पोराचा चेहरा सैलावला की विचारतात, "आलं?" तो "आलं, अंकल" म्हणतो. या मदतीचे पैसे ते घेत नाहीत.

मामिया मात्र त्यांनी विकला नाही. हल्ली वहिनींच्या भाजीच्या ट्रॉलीत बसून तो बाजार समितीत जातो. ट्रॉली ओढतात वहिनी. पहिल्या दिवशी एका हमालाने मदत म्हणून कॅमेरा, लेन्स आणि ट्रायपॉड सगळं एका हाताने उचललं आणि विचारलं, "इष्टेना?" एवढंच? पन्नास किलोची पोती दिवसभर मानेवर वाहणाऱ्याचा तो प्रामाणिक प्रश्न होता. बॅगोबांना त्याचा पोत्यासकट फोटो हवा होता: घाम, तिरकं ऊन, मागे कांद्याची रास. हमालाने साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी तो आणि त्याचे तीन सोबती इस्त्रीचे शर्ट घालून, केसांना तेल लावून हजर झाले आणि रिकाम्या भिंतीसमोर हात सोडून उभे राहिले.

एक रोल, दहा फोटो. सातांमध्ये कोणाचे ना कोणाचे डोळे मिटलेले. उरलेल्या तिनांपैकी एकाचे चार प्रिंट काढून बॅगोबांनी वाटले. धुणं आणि स्कॅनिंग धरून खर्च हजाराच्या वर गेला. चौथ्या हमालाला आपला चेहरा पसंत नाही. गुरुवारी पुन्हा काढायचं ठरलंय, आणि त्याने बजावलंय, या खेपेला उजवीकडून.