कॅरिअरवरची पेटी

अलिबाग ते रत्नागिरी सायकलने जायचं ठरलं, तेव्हा मी सगळं सामान काट्यावर तोलून भरलं होतं. टूथब्रशची दांडी अर्धी कापावी का, इथवर विचार झाला होता. निघायच्या पहाटे मित्र आला तो कॅरिअरवर पेटी बांधून. गोधडीत गुंडाळलेली, वर प्लॅस्टिक, त्यावर जुन्या ट्यूबचे वेढे.

"किती किलो?"

"तीन सप्तकं," तो म्हणाला.

सायकलवर न्यायला वाद्यं काय कमी आहेत? बासरी आहे, झांजा आहेत, गेलाबाजार तुणतुणं. पण हा पेटी घेऊन निघाला, तीही कोकणात, जिथे वाडीवाडीला भजनी मंडळ. मी शेवटचं अस्त्र काढलं. "अरे, हिच्यावर मींड निघत नाही म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली हिला हाकललं होतं."

"आणि १९७१ साली परत घेतलं. त्यांना एकतीस वर्षं लागली, तुला रत्नागिरीपर्यंत सुचेल."

आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीत तिघांनी विचारलं, "कार्यक्रम कुठे आहे?" तिघांनाही त्याने वेगवेगळी गावं सांगितली.

खाडीची दमट हवा लाकडाला मानवत नाही. श्रीवर्धन यायच्या आत एक पट्टी फुगून खालीच अडकून बसली. त्यात भात्याची कडी सैल आणि घासून घासून स्टॉपर उघडलेला. झालं! खड्डा आला की भाता हलायचा आणि पेटी सूर धरायची. उथळ खड्ड्याला नुसता उसासा, खोल खड्ड्याला भरघोस काळी चार. वजनामुळे तो कायम मागे, त्यामुळे मी चुकवलेला प्रत्येक खड्डा मला मागून ऐकू यायचा. गावोगावची कुत्री माझ्या पिंढऱ्यांपर्यंत यायची. त्याच्याजवळ पोचली की पेटी उसासायची आणि ती जागच्या जागी कान टवकारून उभी राहायची. हा फायदा मात्र मानायला हवा.

बाणकोटची खाडी झाली, दाभोळची झाली. हेदवीच्या अलीकडे एका वाडीत देवळापाशी मुक्कामाला थांबलो. आत भजनाची तयारी चालली होती. शेवटच्या खड्ड्यावर पेटी बोलली आणि बुवा बाहेर आले. आम्ही कोण, कुठले, काही नाही. "पट्टी अडकलीय," एवढंच. पेटी उतरवून घेतली, झाकण काढलं, ती पट्टी दोन बोटांनी अलगद उचलून बाहेर घेतली. तिच्या कडेवरून पॉलिश पेपरचा तुकडा चार वेळा फिरवला, फुंकर मारली, जागेवर बसवली, दाबून सोडली. टक्कन वर आली. आजारी वासराचं तोंड उघडून बघावं तसा सगळा कारभार.

मग म्हणाले, "वाजवा."

मित्राने भूप वाजवला, पहिल्या वर्षाला शिकवतात तो. अवरोहात दोनदा अडखळला, ते पट्टीवर ढकलण्याची सोय आता उरली नव्हती. बुवांनी शेवटपर्यंत ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "पेटी बरी आहे हो तुमची."

त्या रात्री भजन दोनपर्यंत चाललं. पेटी आमची, वाजवायला बुवा.

सकाळी तवसाळहून जयगडला जाताना बोटीत मित्र म्हणाला, "ऐकलंस ना बुवा काय म्हणाले?" मी ऐकलं होतं. पाण्याच्या मध्यावर त्याने पुन्हा विचारलं. धक्का जवळ आल्यावर तिसऱ्यांदा. समोर जयगडचा चढ दिसत होता. मी काही न बोलता त्याच्या कॅरिअरवरची ट्यूब सोडली आणि पेटी माझ्या सायकलवर बांधायला घेतली.