भावा, एक काम हुतं

त्याचं नाव सांगत नाही. एक तर तो अजून रोज संध्याकाळी रंकाळ्यावर भेटतो, आणि नाव सांगून तुम्हाला उपयोगही नाही. तुमच्याकडचा वेगळ्या नावाचा असणार. तो झाडून सगळ्यांना 'भावा' म्हणतो, तेव्हा आपणही त्याला भावाच म्हणू. वय पन्नाशीच्या पुढे, शर्ट कडक इस्त्रीचा, खिशाला पेन. पेन महत्त्वाचं. पैशाशिवाय भावाचं अडत नाही, पण समोरच्याची सही घ्यायला पेन लागतं.

उसने मागणारा माणूस केविलवाणा असतो, हा गैरसमज आहे. भावा मागतो तेव्हा संकोच आपल्याला वाटतो. मिसळीचं बिल तो देतो. कट दोनदा मागवतो, तुमच्या पोराच्या दहावीची चौकशी करतो, आईच्या गुडघ्याची करतो. हात पुसून झाले की आवाज एक पट्टी खाली येतो, "भावा, एक काम हुतं." 'पैसे' हा शब्द त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकलेला नाही. आणि रक्कम कधीच गोल नसते. पाच हजार मागणाऱ्याला नाही म्हणता येतं. चार हजार सातशे मागणाऱ्याला कसं म्हणणार? कुठंतरी खरोखर तेवढेच कमी पडले असणार, असं वाटतं. त्या न मागितलेल्या तीनशे रुपयांवर भावाची निम्मी पत उभी आहे.

परत कधी? "परवा." लिहून मात्र काही देणार नाही. "आपल्यात लिहापढी कसली मर्दा?" हे प्रेम नसून १९६३ चा मुदत कायदा आहे, हे आमच्यातल्या वकिलानं फार उशिरा सांगितलं. उसनवारीच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. मधे देणेकऱ्यानं देणं लेखी कबूल केलं, किंवा त्यातले थोडे पैसे देऊन तशी सही-नोंद केली, तर तीन वर्षं नव्यानं मोजायची. म्हणून भावा व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त हात जोडलेलं चित्र पाठवतो. त्या चित्राची लेखी कबुली होते का, यावर वकील अजून विचार करतोय. त्याचेही पैसे अडकलेत.

पूर्वी हे सगळं पतसंस्थेत चालायचं. पगारदारांची पतसंस्था, दोन जामीनदार, पगाराचे दाखले. भावा फॉर्म आधीच भरून आणायचा. तुम्ही फक्त फुलीवर सही करायची. पुढं त्याचा हप्ता तुमच्या पगारातून कापला जायचा, आणि तक्रार करायला गेलात तर तोच तुम्हाला चहा पाजून सहकार कायद्याच्या कलम १०१ ची वसुलीची नोटीस म्हणजे काय ते समजावून सांगायचा. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच, हे इंग्रजांनी १८७२ च्या करार कायद्यात १२८ व्या कलमात लिहून ठेवलंय. भावाच्या मते मूळ कर्जदाराची त्याहून जरा कमी.

तरी त्या काळाला एक रीत होती. तुमच्या गळ्यात काय पडतंय ते निदान तुमच्या समोर पडत होतं. सही तुमची, पेन त्याचं. पुढं कर्जाच्या बाजारात सिबिल आलं. ३०० ते ९०० गुणांची परीक्षा. भावाचा आकडा तीनशेच्या खाली गेला नाही एवढंच, कारण खाली जागाच नव्हती. एरवीचा माणूस इथं सुधारला असता किंवा गाव सोडून गेला असता. भावानं वेगळाच मार्ग काढला. त्यानं पैसे मागणं बंद केलं.

हल्ली तो फक्त आधारचा फोटो मागतो. सोबत पॅनचा. आमच्या बॅचच्या स्नेहमेळाव्याचा चिटणीस व्हायला कोणी तयार नव्हतं, भावा आपण होऊन झाला. पन्हाळ्याला मुक्काम, हॉटेलवाल्याला ओळखपत्रं लागणार. जाडजूड रजिस्टर केलं. जन्मतारीख, रक्तगट, आईचं नाव, आधार, पॅन. हॉटेलवाल्याला पॅन कशाला, असं एकानं विचारलं. भावा म्हणाला, "जीएसटी." या शब्दानंतर आपल्याकडे पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

त्या वेळी कुणीतरी म्हणालं होतं की आधारची झेरॉक्स अशी वाटू नये, शेवटचे चार आकडेच दिसतील असं झाकलेलं आधार मिळतं, ते द्यावं. भावाकडे उत्तर तयार. मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्या बंगळुरू कचेरीनं झेरॉक्स कुणाला देऊ नका असं पत्रक काढलं, आणि दोन दिवसांत केंद्र सरकारनं ते मागं घेतलं. "सरकारनंच मागं घेतलंय मर्दा, तू कोण लागून गेलास?" माहिती खरी होती. भावाची माहिती नेहमी खरी असते. ती दुसऱ्याची असते एवढंच.

त्या रजिस्टरनंतर भावा वाढदिवसाच्या शुभेच्छा रात्री बाराच्या ठोक्याला पाठवू लागला. आमच्या बायकांना त्याचं फार कौतुक. "तुमच्या मित्रांत एकाला तरी आठवण असते," असं घरोघरी ऐकावं लागलं.

मग आमच्या मास्तरांच्या मोबाईलवर सहा आकडे आले. मास्तर म्हणजे आमच्या बॅचमधला सर्वांत सज्जन माणूस. आयुष्यात कधी कर्ज नाही, लग्नातही नाही. भावाचा फोन, "पन्हाळ्याच्या बुकिंगचा नंबर आलाय बघ, तेवढा सांग." मास्तरांनी धडा वाचावा तसा तो मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला, 'हा क्रमांक कोणालाही सांगू नका' या वाक्यासकट. भावा म्हणाला, "बरोबर हाय, दुसऱ्या कुणाला सांगू नको."

मुलीच्या शैक्षणिक कर्जासाठी मास्तर बँकेत गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, "आधीच्या तीन कर्जांचं काय?" एक दोन दारी फ्रिज, एक टीव्ही, एक मोबाईल. मास्तरांच्या घरी फ्रिज एका दाराचा आहे, आणि ते दारही दोरीनं बांधलेलं.

त्या संध्याकाळी रंकाळ्यावर बरखास्तीची सभा भरावी तसे सगळे जमले. भावा आला, बसला, शेंगांची पुडी सगळ्यांपुढं फिरवली. जराही घाबरलेला नव्हता. उलट दुखावलेला होता.

"भावा, तुझा स्कोअर हुता का? कोरी पाटी! बँक तुला दारात उभी केली नसती. पहिले आठ हप्ते मी टायमात भरले. तुला सातशे चाळीसवर नेऊन ठेवला मी."

"आता किती आहे?"

"मधी दोन हप्ते चुकले. माणूस हाय."

वकिलानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ सी कलम काढलं. दुसऱ्याची ओळख वापरून लबाडी, तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. भावानं मन लावून ऐकलं. मग वकील म्हणाला की पत-माहिती कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे तक्रार टाकता येते. तीस दिवसांत निकाली काढली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. इथं भावाचे डोळे चमकले. "शंभर रुपये रोज? मास्तर, मग मागं लागू नकोस त्यांच्या. निवांत बसू दे त्यांना."

पोलिसांत जायचं ठरलं, आणि कोणी गेलं नाही. इथं मला भावापेक्षा आमचीच चीड येते. चाळीस हजारांसाठी अनोळखी चोरावर आम्ही सकाळी सहाला चौकीत जाऊन बसलो असतो. पण मास्तरांच्या वडिलांना पहिला खांदा भावानं दिलेला. कुणाच्या बहिणीच्या लग्नात वाढायला तो, कुणाच्या वास्तुशांतीला मंडप बांधायला तो. आमच्या उपकारांचं खातं त्यानं फार जुन्या काळापासून चोख ठेवलंय, आणि त्यातला एकही हप्ता थकलेला नाही. वसुलीवाल्यांचे फोन आता आम्हा सगळ्यांना येतात, कारण प्रत्येक अर्जावर संदर्भ म्हणून आमची नावं. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हा नियम आम्हाला भावानंच सांगितला. "सातनंतर आला तर मला सांगा. सोडायचा न्हाई."

फ्रिजचे उरलेले हप्ते शेवटी मास्तरांनी फेडले. फ्रिज मात्र भावाच्या मेहुण्याकडे, गडहिंग्लजला.

मागच्या पावसाळ्यात मास्तरांच्या छातीत दुखायला लागलं. रात्री अडीचची वेळ, वहिनी एकट्या, मुलगी पुण्याला. आम्ही पोचेपर्यंत भावानं रिक्षा आणून, मास्तरांना दवाखान्यात नेऊन काउंटर गाठलं होतं. काउंटरवरचा पोरगा विचारत होता आणि वहिनींना काही सुचत नव्हतं. पेशंटची जन्मतारीख? भावानं सांगितली. आधार? बारा आकडे, न अडखळता. पॅन? स्पेलिंगसह. मेडिक्लेमची पॉलिसी? नंबर, कंपनी, नूतनीकरणाचा महिना. रक्तगट, आईचं नाव, दोन हजार अकरा सालचं हर्नियाचं ऑपरेशन. पोरगा टाईप करता करता म्हणाला, "असा नातेवाईक पाहिजे बघा."

सकाळी डॉक्टरांनी गॅसेस आहेत असं सांगितलं. वहिनींच्या जिवात जीव आला. आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी भावाला हात जोडले.

"भावजी, तुम्ही होता म्हणून निभावलं. माझीपण अशी सगळी माहिती एकदा लिहून ठेवा हो तुमच्याजवळ. कधी वेळ येईल सांगता येत नाही."

भावा म्हणाला, "वहिनी, तुमची हाय की माझ्याकडं."