नियम क्रमांक ४२

हवामान परिषद जवळ आली की तेल विकणाऱ्या देशांच्या नावाने शंख करण्याची हल्ली पद्धत पडली आहे. आम्हाला ती मुळीच मान्य नाही. तीस वर्षे एकाच कामाला चिकटून राहणारी माणसे आता उरलीत कुठे? अमेरिका पॅरिस करारातून बाहेर पडली, आत आली, पुन्हा बाहेर निघाली. सौदी अरेबियाचे शिष्टमंडळ मात्र पहिल्या दिवसापासून एकाच खुर्चीवर बसून एकच वाक्य बोलते आहे : ‘आमची हरकत आहे.’

या एका वाक्यात एवढे बळ कुठून आले, हे समजून घ्यायचे तर १९९५ साली बर्लिनला जावे लागेल. तिथे पहिली हवामान परिषद भरली. परिषद म्हटली की कामकाजाचे नियम आले. अध्यक्ष कोण, भाषा कोणत्या, बैठक कधी, सगळे ठरले. अडले ते नियम क्रमांक ४२ पाशी. एकमत झाले नाही तर मतदान घ्यायचे का आणि किती बहुमताने निर्णय करायचा, हे त्यात लिहायचे होते. सौदी अरेबिया आणि त्याच्या तेलमित्रांना तो रुचला नाही. म्हणून दरवर्षी परिषद सुरू होताना बाकीचे नियम तात्पुरते लागू होतात आणि ४२ वा तेवढा वगळला जातो. ही तात्पुरती सोय आता तिशी ओलांडून गेली.

मतदान नाही, म्हणजे प्रत्येक निर्णय सर्वसंमतीने. मग मतदानाचा नियम तरी आता करून टाकावा, असे एखादा भोळा म्हणेल. जरूर करावा. त्यासाठी फक्त सर्वांची संमती लागेल.

पाया असा भक्कम घातल्यावर इमारत काय, आपोआप चढते. क्योटो कराराच्या वेळी तेलवाल्यांनी भरपाईचा मुद्दा काढला. जगाने तेल कमी जाळले तर आमचे उत्पन्न बुडेल, त्याचे काय? गावाने दारूबंदीचा ठराव करावा आणि गुत्तेवाल्याने ग्रामसभेत उभे राहून खपाची नुकसानभरपाई मागावी, तसा हा प्रकार. ग्रामसभेत त्याला कोणी बोलूसुद्धा दिले नसते. हवामान परिषदेत या विषयाला स्वतंत्र व्यासपीठ मिळाले असून त्यावरची चर्चा आजही नियमित चालते.

२०१८ साली पोलंडमधल्या कातोवित्से इथे तर कलेने शिखर गाठले. तापमानवाढ दीड अंशावर रोखली नाही तर काय होईल, याचा अहवाल शास्त्रज्ञांनी दिला होता. परिषदेने मागवला म्हणूनच दिला होता. त्याचे ‘स्वागत’ करावे, असा मसुदा आला. सौदी अरेबिया, कुवेत, रशिया आणि अमेरिका या चौघांनी स्वागताला नकार दिला; फार तर नोंद घेऊ म्हणाले. बरीच खडाजंगी होऊन अखेर तोडगा निघाला. अहवाल वेळेत पूर्ण झाला, याचे परिषदेने स्वागत केले! आत काय लिहिले आहे, त्याविषयी कोणाची तक्रार येऊ नये म्हणून ही खबरदारी.

पुढे परिषदेचे यजमानपदच तेलाच्या घरी गेले. २०२३ साली दुबईत अध्यक्षस्थानी सुलतान अल जाबेर होते. ते अबुधाबीच्या सरकारी तेल कंपनीचेही प्रमुख. परिषद ऐन रंगात असताना ओपेकच्या सरचिटणीसांनी सदस्यांना पत्र धाडले : उत्सर्जनाबद्दल बोला, इंधनाबद्दल बोलणारा मसुदा मात्र फेटाळा. धुराला विरोध चालेल, चुलीचे नाव काढायचे नाही. तरीही जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचे एक वाक्य निर्णयात शिरलेच. १९९२ च्या मूळ हवामान करारानंतर एकतीस वर्षांनी! पुढच्या वर्षी बाकूमध्ये अझरबैजानच्या राष्ट्राध्यक्षांनी उद्घाटनालाच तेल आणि वायू ही देवाची देणगी असल्याचे सांगितले. २०२५ साली ब्राझीलमधल्या बेलेमला ऐंशीहून अधिक देशांनी त्या वाक्याची अंमलबजावणी कशी करायची याचा आराखडा मागितला. निर्णयाचा कागद हाती आला तेव्हा त्यात जीवाश्म इंधनांचा उल्लेखही नव्हता.

आता बाकीच्या सज्जनांकडे वळू. अमेरिका जगात सर्वाधिक तेल काढते. नॉर्वे घरी विजेच्या गाड्या फिरवतो आणि तेल-वायू बाहेर विकतो. ग्लासगोत २०२१ साली कोळसा ‘बंद’ करण्याऐवजी ‘कमी’ करण्याची दुरुस्ती शेवटच्या घटकेला मांडली ती आपणच. यातल्या प्रत्येकाला परिषदेहून परतल्यावर घरी सांगायला एक वाक्य लागते : ‘आम्ही तयार होतो हो, पण सौदीने अडवले.’ सगळ्या जगाच्या वाटची बदनामी एकट्याने अंगावर घेणाऱ्या देशाचा खरे तर सत्कार व्हायला हवा. नियम ४२ मंजूर झाला तर या सज्जनांना हात वर करून मत द्यावे लागेल आणि कोणाचा हात वर गेला नाही, हे सर्वांना दिसेल. एवढा अतिप्रसंग कोणाला हवा आहे?

तेलवाल्या मंडळींचा कोकणाशीही ऋणानुबंध आहे. २०१८ साली सौदी आरामको आणि तीच अबुधाबीची तेल कंपनी रत्नागिरीच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात भागीदार व्हायला निघाल्या होत्या. वर्षाला सहा कोटी टनांचा कारखाना, जागा नाणारची. गावे ‘नाही’ म्हणाली. नाणार रद्द झाले, प्रकल्पाने बारसूचा रस्ता धरला. २०२३ च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाची यंत्रे आली तेव्हा गावकऱ्यांची पुन्हा हरकत होती. ती नोंदवायला बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यांना पोलिसांनी उचलून बाजूला केले आणि बंदोबस्तात काम सुरू झाले.

सर्वसंमतीचा एवढा जाज्वल्य अभिमान असलेल्या देशांनी आपला नियम तेव्हा बारसूला कळवायला हवा होता. एकाची हरकत असली तर साऱ्या जगाने थांबायचे, असे ठरलेले आहे म्हणतात. पण त्या एकाकडे तेलाची विहीर असावी लागते; बारसूकरांकडे नुसत्या आंब्याच्या बागा होत्या.