पोट बघा, पोट!

प्रत्येक मोठ्या सोसायटीत एक टँकवाले असतात. गोल्डफिश पाळणारे वेगळे. ते नुसते हौशी. टँकवाले खाऱ्या पाण्याचे. दिवाणखान्यात सहा फुटी टाकी, खालच्या कपाटात पंप, स्किमर नि वायरींचा गुंता, आणि टाकीत टँग मासे. पाहुणा चपला काढून आत आला, की पाण्याच्या पेल्याआधी हुकूम सुटतो, "पोट बघा, पोट!" पाहुणा दचकून आपलं पोट आत ओढतो. टँकवाल्यांचं बोट मात्र काचेकडे असतं. टँगचं पोट समोरून किंचित फुगीर दिसायला हवं. ते खपाटीला गेलं, तर मालकाची अब्रू गेली.

टँग मुख्यतः शाकाहारी. समुद्रात तो दिवसभर खडकावरचं शेवाळ खरवडत हिंडतो. सकाळी चिमूटभर खाद्य टाकलं आणि ऑफिसला पळालं, हे त्याच्या बाबतीत चालत नाही. म्हणून टँकवाल्यांचा दिवस नोरीने उजाडतो. नोरी म्हणजे सुशीला गुंडाळतात तो समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागद. मॉलमध्ये चष्मा कपाळावर सरकवून ते पाकिटाची मागची बाजू वाचतात : तेल नको, मीठ नको, मसाला तर नकोच. काउंटरवरची मुलगी कौतुकाने विचारते, "घरी सुशी करता, काका?"

"छे, मासा खातो."

काका मांसाहारी आहेत, एवढंच तिला कळतं.

घरी आल्यावर ते नोरीची पट्टी चुंबकाच्या क्लिपमध्ये धरून काचेला चिकटवतात. हवाईचा पिवळा टँग तोंडाचा चंबू करून येतो, कड धरतो, मानेला हिसडा देऊन तुकडा तोडतो आणि परत येतो. मग आपल्या लक्षद्वीपच्या समुद्रातही सापडणारा पावडर ब्लू येतो आणि शेपटीच्या बुडाशी असलेला धारदार काटा दाखवून पिवळ्याला बाजूला सारतो. ह्या काट्यावरूनच ह्या कुळाला सर्जनफिश म्हणतात. भांडण फारच वाढलं तर टँकवाले बाहेरून काचेला आरसा लावतात. दांडगोबा आरशातल्या स्वतःशी भांडत बसतो आणि दुसरा निवांत जेवतो.

दुपारी स्पिरुलिनाचे दाणे, संध्याकाळी जीवनसत्त्वांत भिजवलेली बारीक मायसिस कोळंबी. उरलंसुरलं लगेच काढायचं, नाहीतर पाणी नासतं. "हिरवं पोटात गेलं नाही, तर डोक्यावर आणि अंगाच्या कडेच्या रेषेवर खड्डे पडतात," हे व्याख्यान ते जेवताना देतात आणि बोलता बोलता ताटातली मेथीची भाजी हलकेच कडेला सारतात. वहिनी शांतपणे म्हणतात, "अहो, डोक्यावर खड्डे पडतील."

लसणाचं प्रकरण तर घरात गाजलेलं. चातुर्मासात स्वयंपाकघरात कांदा-लसूण बंद. पण टँगचं खाद्य लसणाच्या रसात भिजवलं की त्याला भूक लागते, अशी टँकवाल्यांची श्रद्धा. लसणाने रोग बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, हे त्यांनाही माहीत आहे. तरी आषाढी एकादशीनंतर त्या घरात लसूण सोलला जातो तो फक्त माशासाठी, आणि तोही बाल्कनीत.

टँकवाल्यांची झोप उडवणारी गोष्ट एकच : पांढरे ठिपके. माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे कण दिसले, की समजावं, परजीवी आला. पावडर ब्लू त्याला चटकन बळी पडतो. हा परजीवी माशावरून गळून वाळूत कोष करतो आणि त्यातून नवी फौज बाहेर पडते. म्हणून मासे दुसऱ्या टाकीत हलवून तांब्याच्या औषधात ठेवायचे आणि मोठी टाकी दोन महिन्यांहून अधिक काळ माशांविना चालवायची. औषध मोठ्या टाकीत घालायचं नाही, कारण तांब्याने प्रवाळ आणि कोळंब्या मरतात. एवढ्यासाठी नवा मासा घरात आला की महिनाभर वेगळा राहतो. नवी सून माप ओलांडून त्याच दिवशी आत आली. नव्या टँगला ती सवलत नाही.

मे महिन्यात वीज गेली, की सोसायटीतले लोक लिफ्टची चौकशी करतात. टँकवाले बॅटरीचा एअरपंप लावून थर्मामीटरसमोर उभे असतात. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर राहावं म्हणून दिवाणखान्यात एसी लागला आहे. आजोबांची दुपारची वामकुक्षी हल्ली तिथेच होते आणि टँगबद्दल चांगलं बोलणारे घरात तेवढे एकच आहेत.

त्यांचा खरा दरारा कळतो तो शेजारचा मुलगा वडिलांना घेऊन येतो तेव्हा. 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट २००३ साली आला, पण त्यातल्या निळ्या टँगची, म्हणजे डोरीची, मागणी अजून थांबलेली नाही.

"टाकी किती फुटी घेतलीत?"

"दोन फुटी."

"मग डोरी टीव्हीवरच ठेवा. ती फूटभर वाढते. तिला पोहायचं असतं, वळून वळून उभं राहायचं नसतं."

पोरगा रडकुंडीला येतो, वडिलांचा चेहरा उतरतो. टँकवाले तसूभर हलत नाहीत.

माणूस कटकट्या आहे, पण बरोबर आहे. टँग पाळायचाच असेल तर टाकी लांब घ्या, नवा मासा वेगळा ठेवा आणि हिरवं दिवसभर समोर ठेवा. एवढं झेपणार नसेल तर सरळ गप्पी पाळा. ते निदान डासांच्या अळ्या खातात.